गैरवर्तनाबद्दल चादर देऊन सत्कार

समई फुंकून विझवणारा माणूस मी पाहिला आहे. सोलापुरातल्याच एका पुरस्कार सोहळ्यात दीपप्रज्वलनासाठी व्यासपीठावरच्या सगळ्यांना बोलावलं आणि या गृहस्थांचं नाव घ्यायचं राहून गेलं. बाकीचे आपापल्या खुर्चीवर जाऊन बसले, तेव्हा हे उठले, समईजवळ गेले आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवाव्यात तशा सगळ्या वाती फुंकून टाकल्या. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "आता परत पेटवू. मला धरून." माईक माझ्या हातात. मी म्हणाले, "दीपप्रज्वलनाचा दुसरा टप्पा आता माननीय अमुक अमुक यांच्या शुभहस्ते." टाळ्या झाल्या, समई पेटली आणि कार्यक्रम संपल्यावर त्या गृहस्थांना एक जादा चादर देण्यात आली.

दिवसा शाळेत मराठी शिकवायचं आणि संध्याकाळी सूत्रसंचालन करायचं, असं माझं अर्धं आयुष्य गेलं. लोकांना वाटतं, सूत्रसंचालन म्हणजे चारोळ्या म्हणणं आणि शब्दसुमनांनी स्वागत करणं. ती वरची कोथिंबीर झाली. खरं काम निराळंच असतं. व्यासपीठावर जे व्हायला नको होतं ते झालं, की ते व्हायचंच होतं अशा थाटात जाहीर करणं, यासाठी सूत्रसंचालक बोलावतात. नाहीतर नावं काय, कुणीही वाचील.

माझ्या या कलेचा सगळ्यात जास्त उपयोग एका मंडळानं करून घेतला. दरवर्षी ते जिल्ह्यातल्या गुणी माणसांना पुरस्कार देतं. मंडळाचं नाव लिहीत नाही. सोलापुरात अशी मंडळं गल्लीला एक आहेत आणि प्रत्येकाला वाटेल की मी त्यांच्याविषयीच लिहिलं आहे. तसं वाटायला माझी हरकत नाही.

मंडळाचे अध्यक्ष मल्लिनाथअण्णा. भुसार मालाचे व्यापारी, घरात कानडी, दुकानात मराठी, स्वभावानं देवमाणूस आणि भांडणाला विलक्षण भिणारे. कुठं काही वाजलं, की अण्णांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "बिड्री." म्हणजे कानडीत सोडून द्या. नवरा-बायकोचं भांडण असो, खुर्च्यांचं असो, कुणी कुणाला भर सभेत चोर म्हटलेलं असो, अण्णा दोन्ही हात हवेत हलवून म्हणायचे, "बिड्री हो, बिड्री." दुसरे कार्यवाह. हे व्यासपीठाच्या बाजूला उभे राहून चिठ्ठ्या पाठवायचे. मी काय बोलायचं ते चिठ्ठीत असायचं आणि काय बोलायचं नाही ते त्यांच्या भुवयांत असायचं.

या मंडळात गैरवर्तनाला एकच शिक्षा होती, सत्कार. व्यसनमुक्तीच्या कार्याबद्दल पुरस्कार मिळालेला एक कार्यकर्ता स्वतःच झुलत व्यासपीठावर आला होता. त्याला दोघांनी धरून 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' खाली नेलं आणि पुरस्कार घ्यायला त्याच्या बायकोला बोलावलं. ती माईकसमोर येऊन म्हणाली, "बक्षीस ह्यांचंच हाय. पण ह्यांना रोज घरी आणायचं काम माझं हाय." लोक पोट धरून हसले. अण्णांनी घाईघाईनं दोघांनाही चादरी पांघरल्या. इथं शालीऐवजी चादर देतात, गावातच विणली जाते म्हणून. आमच्या मंडळाच्या चादरी इतक्या उपद्रवी माणसांच्या घरी गेल्या आहेत, की थंडीत त्यांच्यापैकी कुणी गारठत असेल असं मला वाटत नाही.

सत्कारानं भागलं नाही तर शेवटचा उपाय होता. तो मी शोधून काढला, हे थोडं अभिमानानं सांगते. एका वर्षी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून दोन पुढारी व्यासपीठावरच एकमेकांच्या कॉलरला झोंबले. टाळ्यांनी भागेना, चादर घेऊन जवळ जायची कुणाची छाती होईना. मी माईकवर म्हणाले, "राष्ट्रगीतासाठी सर्वांनी उभे राहावे." ध्वनिव्यवस्थेवर आमचा श्रीनिवास होता. विडी घरकुल वसाहतीतला, घरी तेलुगू बोलणारा, हाताचा फार चपळ. त्यानं बटण दाबलं. दोघांनी एकमेकांच्या कॉलरी सोडल्या आणि शेजारी शेजारी ताठ उभे राहिले. राष्ट्रगीत संपलं आणि संपल्यावर जे होतं ते झालं. लोकांनी चपला शोधल्या आणि घरी गेले. त्या वर्षीचा जीवनगौरव पुरस्कार द्यायचा राहून गेला. तो दुसऱ्या दिवशी श्रीनिवासनं मोटरसायकलवरून घरपोच केला.

पण फुलाबाईंच्या वेळी माझं डोकं चाललं नाही.

फुलाबाई मेटकरी सांगोल्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरच्या. घरची मेंढरं. तिथल्या शाळेसमोरून वाळूचे डंपर असे सुसाट जायचे, की पोरांना रस्ता ओलांडायची भीती वाटायची. अर्ज झाले, निवेदनं झाली. एके सकाळी फुलाबाईंनी शाळा भरायच्या वेळेला आपली सगळी मेंढरं रस्त्यावर आणून बसवली आणि स्वतः मेंढरांच्या पुढं उभ्या राहिल्या. पहिला डंपर अगदी त्यांच्या नाकापुढं येऊन थांबला. बाई हलल्या नाहीत. मग रोज त्या वेळेला त्या तिथं उभ्या राहू लागल्या, आणि काही दिवसांनी नुसत्या उभ्या राहिल्या तरी पुरू लागलं. लाल लुगडं लांबून दिसलं, की ड्रायव्हर गाडी हळू घ्यायचे. पेपरात फोटो आला आणि मंडळानं त्यांना पुरस्कार जाहीर केला.

पुरस्काराला प्रायोजक होते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांना मी मान्यवर म्हणणार आहे, कारण पत्रिकेत तसंच छापलं होतं. मान्यवर प्लॉट पाडून विकायचे आणि त्यांना फोटोचा फार नाद होता. ज्यांनी पुरस्काराचा फोटो कधी नीट पाहिला नसेल त्यांनी पाहावा. पुरस्कार घेणारा एक असतो आणि देणारे अकरा. प्रत्येकाचा एक हात स्मृतिचिन्हाला चिकटलेला असतो, नजर कॅमेऱ्याकडे असते, आणि ज्याचा सत्कार आहे तो कुणाच्या तरी कोपराखाली सापडतो. मी त्यावर उपाय म्हणून पुरस्कारार्थीला आधीच सांगून ठेवायची, की इथं, या सतरंजीच्या मधोमध उभं राहायचं आणि फोटो होईपर्यंत हलायचं नाही. फुलाबाईंनाही तसंच सांगितलं होतं. आता ज्या बाई डंपरसमोर हलल्या नाहीत, त्यांना 'हलू नका' असं सांगायची काही गरज होती का?

मान्यवर पुढं आले. कॅमेऱ्याच्या आणि त्यांच्या मधे फुलाबाई. ते म्हणाले, "बाजूला हो." फुलाबाई म्हणाल्या, "मला बाईंनी हितं हुबं केलंय." फोटोग्राफर 'रेडी' म्हणाला. मान्यवरांनी चेहरा हसरा ठेवला, नजर कॅमेऱ्यावर ठेवली आणि डाव्या हातानं फुलाबाईंच्या खांद्याला जोरात रेटा दिला. त्या व्यासपीठाच्या कडेवरून खाली कुंड्यांवर पडल्या. स्मृतिचिन्ह फुटलं. फोटो निघाला. त्या फोटोत मान्यवर फार छान आले आहेत.

सगळा कार्यक्रम फेसबुकवर थेट चालू होता, म्हणजे हे सभागृहातल्या लोकांनी पाहिलं आणि घरात बसलेल्यांनीही पाहिलं. तरीही पुढच्या दोन मिनिटांत जे झालं ते पाहण्यासारखं होतं. अण्णा स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. कार्यवाहांनी श्रीनिवासला सनई मोठी करायची खूण केली. आणि माझ्या हातात चिठ्ठी आली, 'श्रीमती फुलाबाई यांचा तोल गेला. मान्यवरांनी प्रसंगावधान राखून त्यांना सावरल्याने अनर्थ टळला. टाळ्या.' टाळ्या हा शब्दसुद्धा लिहून दिला होता.

मी चिठ्ठी हातात धरून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला माईकवर शब्द सुचेना. कार्यवाहांच्या भुवया वर गेल्या, आणखी वर गेल्या. शेवटी अण्णा उठून आले, माझ्या हातातून चिठ्ठी आणि माईक दोन्ही घेतलं, हळूच म्हणाले, "बिड्री बाई, मी वाचतो." आणि त्यांनी वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मान्यवरांनी हात जोडून त्या स्वीकारल्या. कार्यवाहांनी लगेच सूचना पाठवली, की प्रसंगावधानाबद्दल मान्यवरांचा सत्कार करावा. तोही झाला.

फुलाबाईंना आत रंगपटात नेलं होतं. कुणीतरी सरबताच्या गाड्यावरून बर्फ आणून गुडघ्यावर धरला होता. त्यांच्याबरोबर वस्तीवरच्या दोघीजणी आल्या होत्या. मी आत गेले तेव्हा फुलाबाई रडत नव्हत्या. माझ्याकडे सरळ बघून त्यांनी विचारलं, "बाई, माझा तोल गेला आसं कोन म्हनलं?"

मी सांगितलं. चिठ्ठी होती, अण्णांनी वाचली.

"डंपरम्होरं न्हाय गेला. हितं सतरंजीवर जाईल व्हय?" त्या म्हणाल्या. "मला तुमचं बक्षीस नगं. त्यानं माफी मागाय बी नगं. नुसतं मायकात म्हना, ढकललं. येवढंच म्हना की."

मी बाहेर येऊन कार्यवाहांना हे सांगितलं. त्यांना खरंच कळेना की बाईंना हवंय काय. चादर दिली, दवाखान्याची व्यवस्था केली, नवं स्मृतिचिन्ह करून देऊ म्हटलं, आणि ही बाई एक वाक्य मागतेय. ते म्हणाले, "वाक्य कसं देणार? वाक्य रेकॉर्डवर राहतं."

आम्ही सोलापुरात बसून हे सगळं मानापमानाचं समजत होतो. वस्तीवर ते तसं नव्हतं, हे मला आठ-दहा दिवसांनी वस्तीवरच्या शाळेतल्या गुरुजींचा फोन आला तेव्हा कळलं. फेसबुकवरच्या कार्यक्रमाची, बाई पडतात तिथपासूनची क्लिप ड्रायव्हरांच्या मोबाइलवर पोचली होती. अण्णांचा आवाज तिच्यात स्वच्छ होता, 'तोल गेला.' फुलाबाई रस्त्यात उभ्या राहिल्या, की ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, मावशे, तोल सांभाळ. आणि गाडी हळू करण्याऐवजी कडेनं काढायचे. वस्तीवरचेही काहीजण म्हणायला लागले, की बाई स्टेजवर धड उभी राहिली नाही, काय खाऊन पिऊन गेली होती का. ज्या उभं राहण्यानं डंपर थांबत होते, त्या उभं राहण्याचीच आम्ही माईकवर चेष्टा करून ठेवली होती. आदल्याच दिवशी एका पोराचं दप्तर चाकाखाली गेलं होतं. पोरगं थोडक्यात वाचलं, असं गुरुजी म्हणाले.

मी ते मंडळाच्या बैठकीत सांगितलं. बैठक तासभर चालली. निषेध नको, त्यानं कटुता येते. खुलासा नको, त्यानं विषय वाढतो. माफी तर नकोच, त्यानं मान्यवर येणं बंद होतात. शेवटी कार्यवाहांना तोडगा सुचला आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. फुलाबाईंच्या वस्तीवर जाऊन त्यांचा खास सत्कार करायचा. आणि तो मान्यवरांच्याच हस्ते, व्हिडिओ काढून करायचा, म्हणजे दोघांत काही वैर नाही हे आपोआप दिसेल. मी म्हणाले, ज्यानं ढकललं त्याच्याच हातून? त्यावर एक सदस्य म्हणाले, "बाई, त्याशिवाय व्हिडिओला काय अर्थ हाय?"

निरोप न्यायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, फुलाबाई मला हाकलून देतील. त्यांनी ऐकून घेतलं, मेंढराच्या पायातला काटा काढत काढतच थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "येऊ द्या की. पर आमच्या रीतीनं व्हईल. टेज न्हाय, खुर्च्या न्हाईत. बिरुबाच्या देवळाम्होरं घोंगडं आंथरू, त्याच्यावर बसायचं. आमी भंडारा लावून पावण्यांचा मान करतो." मी हे कार्यवाहांना सांगितलं. ते तर हरखलेच. ग्रामीण संस्कृती, मातीशी नाळ, व्हिडिओ फार देखणा येईल.

ठरल्या दिवशी आम्ही गेलो. पुढं मान्यवरांची गाडी, मागं अण्णा, कार्यवाह, माईक सांभाळायला श्रीनिवास आणि मी. मान्यवर कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते. देवळासमोर काळं घोंगडं अंथरलं होतं, भोवती सगळी वस्ती बसली होती. लांब रस्त्याच्या कडेला दोन डंपरही उभे होते, ड्रायव्हर टपावर बसून मजा बघत होते. आम्हाला घोंगड्यावर बसवलं. मान्यवरांना मांडी घालायला जड गेलं, पण कॅमेरा चालू असल्यामुळं त्यांनी ते आनंदानं केलं.

देवळाचा म्हातारा पुजारी पितळी ताटात भंडारा, म्हणजे हळद, घेऊन आला. त्यानं सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला आणि मग मान्यवरांच्या आणि अण्णांच्या उजव्या मुठीत भरभरून दिला. मान्यवरांनी मूठ कॅमेऱ्याकडे धरली. अण्णांनी मात्र मूठ छातीशी घेतली आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला कळेना, हळदीला घाबरण्यासारखं काय आहे. नंतर कळलं. अण्णांच्या घरचा देव मैलार, म्हणजे कानडी मुलखातला खंडोबा. भंडारा हातात घेतला म्हणजे काय, हे त्या घोंगड्यावर बसलेल्या शहरी माणसांत एकट्या अण्णांना ठाऊक होतं.

फुलाबाई समोर येऊन बसल्या. श्रीनिवासनं दिलेला माईक त्यांनी हातात घेतला. "पावनं, आमच्यात भंडारा उचलला की त्या हातानं खोटं बोलायचं न्हाय. घोंगड्यावर बसून तर न्हायच न्हाय," त्या म्हणाल्या. "आता सांगा. त्या दिशी माझा तोल गेला का तुमी ढकललं?"

कार्यवाहांनी श्रीनिवासकडे पाहून बोटानं बटण दाबल्यासारखी खूण केली. श्रीनिवास आभाळाकडे बघत होता. मान्यवर हसले. गर्दी होती, कोण कुठं होतं काही कळलं नाही, असं काहीतरी बोलले. वस्ती नुसती बघत राहिली. टाळी नाही, हसू नाही. असा श्रोतृवर्ग त्यांना कधी भेटला नसणार. मग त्यांनी सुटकेचा मार्ग काढला. "अहो, तोल गेला असं मी कुठं म्हटलं? ते अण्णांनी जाहीर केलं. अण्णांना विचारा."

फुलाबाईंनी माईक अण्णांपुढं धरला. अण्णांच्या बोटांतून हळद हळूहळू धोतरावर सांडत होती. मला वाटलं, आता हात हवेत हलणार आणि बिड्री येणार. पण हातात भंडारा होता, तो हलवता येईना.

"ढकललं," अण्णा म्हणाले. "मी खुर्चीवरनं बघितलं. बघून परत चिठ्ठी वाचली. बाईचा तोल गेला नव्हता. आमचा गेला होता."

कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी 'चांगभलं' म्हणाली एवढंच. मान्यवरांना तेवढ्यात फोन आला. त्यांनी तो घ्यायला मुठीतली हळद झटकली, हात सवयीनं सदऱ्याला पुसला आणि गाडीकडे गेले. पांढऱ्या सदऱ्यावर पिवळी पाच बोटं उठली होती. गाडी गेली, तेव्हा डंपरवरचे ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून उभे होते. राहिलेला सत्कार आम्ही उरकला. फुलाबाईंनी चादर उलटसुलट करून पाहिली, जाड आहे म्हणाल्या, थंडीला होईल म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या शाळेसमोर उभ्या राहिल्या आणि डंपर थांबला. गुरुजींनी मला फोन करून सांगितलं.

येताना गाडीत अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. हळदीचा हात त्यांनी मांडीवर उपडा ठेवला होता, घरापर्यंत धुतला नाही.

मग मंडळाची बैठक झाली. मान्यवरांनी बाईला ढकललं तेव्हा जे शब्द कुणाच्या तोंडी आले नव्हते, ते आता भराभरा आले. शिस्तभंग. बेजबाबदार वर्तन. संस्थेची बदनामी. व्यासपीठाच्या प्रतिष्ठेला तडा. हे सगळं अण्णांबद्दल. अण्णा कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि कुणी आवाज चढवला, की तेच त्याला म्हणत होते, बिड्री. शेवटी ठरलं की अण्णांनी प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्षपद सोडावं, आणि मंडळानं त्यांचा कृतज्ञता सत्कार करावा. आमच्याकडे माणूस आणायचा असो की काढायचा असो, चादर तीच असते.

त्या सत्काराचं सूत्रसंचालन मीच करावं, असा अण्णांचा आग्रह होता. दुसरी कुणी आली असती तर तिला त्यांच्या आईचं कानडी नाव नीट घेता आलं नसतं, असं ते म्हणाले. मी गेले. सभागृह निम्मं भरलं होतं. व्यासपीठावर नवे अध्यक्ष, कार्यवाह आणि हो, मान्यवर. सदरा नवा होता. दुसऱ्या रांगेत फुलाबाई बसल्या होत्या, वस्तीवरच्या बायकांना घेऊन. त्यांना कुणी बोलावलं होतं, हे मी सांगणार नाही.

स्वागत झालं, समई झाली, चादर झाली. मग कार्यवाहांची चिठ्ठी आली. 'अण्णा प्रकृती अस्वास्थ्याच्या कारणामुळे स्वेच्छेने पदमुक्त होत आहेत. टाळ्या.' अक्षर तेच, शाई तीच.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि ओठांनीच म्हणाले, बिड्री बाई. इतकी वर्षं त्या माणसाचं ऐकलं होतं, पण त्या दिवशी ऐकावंसं वाटलं नाही. मी चिठ्ठी घडी करून समईखाली ठेवली.

"अण्णांची प्रकृती ठणठणीत आहे," मी माईकवर म्हणाले. "आज सकाळी ते दुकानात ज्वारीचं पोतं सरकवत होते, मी पाहिलंय. अण्णांना अध्यक्षपदावरून काढलं आहे. का काढलं, तेही सांगते. फुलाबाई मेटकरी यांना याच व्यासपीठावरून..."

कार्यवाहांनी हात वर केला. श्रीनिवास जागेवर नव्हता. त्या दिवशी त्याच्या जागी मुद्दाम दुसरा माणूस आणलेला होता. माझा माईक बंद झाला आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

माझंच औषध मला. मी ताठ उभी राहिले. सगळं सभागृह उभं राहिलं, मान्यवर उभे राहिले, अण्णा अंगावरची चादर सावरत उभे राहिले. फुलाबाई तर अशा उभ्या होत्या, की समोरून डंपर येतोय असं वाटावं. मी मनात म्हटलं, झालं आता. संपलं की लोक चपला शोधतील, अण्णा घरी जातील, मीही घरी जाईन. आयुष्यभर मी लोकांना हीच सवय लावली होती, तिला माझ्यासाठी अपवाद कोण करणार?

राष्ट्रगीत संपलं. सवयीप्रमाणे मागच्या रांगेत चपलांची शोधाशोध सुरू झाली. कार्यवाहांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि दुसऱ्या रांगेतल्या फुलाबाई लुगड्याचा सोगा आवरून पुन्हा खाली बसल्या. त्यांच्याबरोबर त्यांच्या बायका बसल्या. मग त्यांच्या मागची रांग बसली. दाराशी गेलेले दोघे-तिघे घुटमळले, मागं वळले आणि मिळेल त्या खुर्चीवर बसले. राष्ट्रगीत झाल्यावर खाली बसलेली माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

माईक बंदच होता. पण तीस वर्षं चाळीस पोरांच्या वर्गात शिकवलेल्या बाईला माईक लागत नाही.

"तर याच व्यासपीठावरून," मी म्हणाले, "फुलाबाईंना ढकललं होतं."